वादळानंतर खाडीत होडी घालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने रायगडात घुसलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं. तेव्हापासून अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की आमच्याकडे तेच ते प्रश्न येतात. वादळ येण्याआधी काय करायचं ते आता बहुतेकांना ठाऊक आहे. वादळ गेल्यावर पहिली होडी कशी काढायची, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि घात होतो तो तिथेच.

खालची उत्तरं रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या खाड्यांसाठी आहेत. वल्ह्याच्या होड्या, पाती, आउटबोर्ड (मागे बाहेरून लावायचं इंजिन) बसवलेल्या फायबर होड्या आणि लहान मचवे डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत.

१. वादळ गेलं, ऊन पडलं, वाराही पडला. आता होडी काढायला हरकत नाही ना?

हरकत आहे. वारा एकदम पडला तर आधी वादळ खरंच पुढे गेलंय का ते बघा. वादळाचा डोळा डोक्यावर आला की तासभरसुद्धा शांत वाटतं आणि मग उलट्या दिशेने वारा सुटतो.

वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत असेल तर फसगत वेगळी असते. ते आपल्या दक्षिणेला असताना वारा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून येतो आणि खाडी आडोशाला असल्यासारखी वाटते. ते आपल्याला ओलांडून उत्तरेला गेलं की वारा फिरून नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो आणि समुद्र सरळ खाडीच्या तोंडावर आपटू लागतो. तौक्तेच्या वेळी असंच झालं. बातम्यांत वादळ पुढे गेल्याचं सांगत होते आणि इथे मुखावरच्या लाटा वाढत होत्या.

आमचा नियम एकच आहे. बंदरावरचा इशाऱ्याचा बावटा उतरल्यावर एक पूर्ण सुकती (ओहोटी) दिवसाउजेडी डोळ्यांनी बघायची, मगच होडीला हात लावायचा. भरतीच्या पाण्याखाली वादळाने काय करून ठेवलंय ते सुकतीशिवाय दिसत नाही. या एका सुकतीसाठी अर्धा दिवस जातो. तो जाऊ द्या.

२. बावटा उतरला की नाही, हे कुठे कळतं? तीन नंबरचा बावटा म्हणजे नेमकं काय?

बंदरावरचे इशारे १ ते ११ असे चढत जातात. १ आणि २ म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे. ३ आणि ४ म्हणजे बंदरालाच वादळी हवामानाचा धोका आहे. ५ ते ७ धोक्याचे आणि ८ ते १० महाधोक्याचे. ११ नंबर म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटलाय. कोकणात पावसाळ्यात ३ नंबर इतक्या वेळा लागतो की लोक त्याला जुमानत नाहीत. वादळानंतरच्या दिवसांत तरी जुमाना.

बंदर कार्यालय, मत्स्य परवाना अधिकारी आणि जेट्टीवरचे सागर सुरक्षा रक्षक यांना विचारा. समुद्रात जायला टोकन देणं सुरू झालंय का, हेही त्यांच्याकडेच कळेल. लाटांची उंची आणि जोर हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेच्या अंदाजात मिळतो. त्यात उंचीबरोबर दोन लाटांमधल्या सेकंदांचा आकडाही वाचा. तो जितका मोठा, तितकी लाट मुखावर येऊन जोरात फुटते.

३. आमच्या तीन पिढ्या या खाडीत गेल्या. एका वादळाने असं काय बदलणार?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तो विचारणारा माणूस खाडी खरोखरच ओळखून असतो. अडचण अशी की त्याची ओळख वादळाआधीच्या खाडीशी असते.

पहिली गोष्ट मुखावरची वाळू. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो आणि त्याला वळसा घालून जाणारी खोल पाण्याची वाट असते. एरवी ती वाट वर्षभरात थोडीथोडी सरकते, तांडेलाला (होडी चालवणाऱ्या प्रमुखाला) रोज दिसत राहते. वादळी लाटा तेच काम एका रात्रीत करतात. वाट बुजते, दांडा फुटून दुसरीकडे नवी वाट पडते, किंवा दोन उथळ वाटा होतात आणि त्यातली एक मध्येच संपते. देवबागला कर्लीच्या मुखाशी बसून बघा, वाळू तिथे किती चंचल आहे ते कळेल. रत्नागिरीत मांडवीच्या तोंडाशी साचणाऱ्या गाळाने तर वादळ नसतानाही नौका अडचणीत येतात.

दुसरी गोष्ट वरून येणारं पाणी. वादळाबरोबर सह्याद्रीत पाऊस कोसळतो आणि सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, वाघोटन तो घेऊन खाली येतात. वाशिष्ठीत तर कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणीही मिसळतं. या लोंढ्याबरोबर गाळ येतो आणि वळणांवर आतल्या अंगाला बसतो. पुलाच्या खांबांना झाडं अडकली की प्रवाह बाजूला वळतो आणि नवीन जागा खणतो.

तिसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही, ती म्हणजे आपल्या खुणा. आमच्या खाडीत आत येताना देवळाचा कळस आणि त्याच्यामागचा उंच माड एका रेषेत धरायचा, ही वडिलांनी शिकवलेली खूण. ती सुटली नाही तर बुडाखाली दोन वाव (बारा फूट) पाणी हमखास. निसर्गनंतर मी पहिल्यांदा मुखाशी गेलो तेव्हा कळस दिसला, माड नव्हता. मागे तसेच दोन-तीन माड उभे होते. त्यातला कोणता आपला, असा विचार करत राहिलो आणि तेवढ्यात होडीचं बूड वाळूला घासलं. मुरुडपासून खाली दापोली-मंडणगडपर्यंत माडा-पोफळीच्या बागा त्या दिवशी झोपल्या. किती खाड्यांच्या किती खुणा त्यांच्याबरोबर गेल्या असतील, त्याचा पंचनामा कुठेच झालेला नाही.

म्हणून वादळानंतर पाण्यात जाण्याआधी खुणा तपासा. देऊळ, मशिदीचा मनोरा, किल्ल्याचा बुरूज, कातळाचं टोक राहतं. झाड, विजेचा खांब, मोबाइलचा टॉवर यांचा भरवसा नाही.

४. नवीन वाट शोधायची कशी? पाण्यात उतरल्याशिवाय कळणार कसं?

बरंचसं न उतरता कळतं. पूर्वजांनी खाड्यांच्या तोंडाशी किल्ले बांधून ठेवलेत: बाणकोट, अंजनवेलचा गोपाळगड, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग, तेरेखोल. किल्ला नसेल तिथे डोंगराची सोंड असते. सुकतीला वर चढा आणि अर्धा तास एका जागी बसून बघा. पांढरी फेसाची ओळ जिथे सारखी फुटते तिथे वाळू वर आहे. दोन फेसांच्या मध्ये जो पट्टा गुळगुळीत आणि गडद राहतो, ती वाट. दहा मिनिटांत उठू नका. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मध्ये बराच वेळ काही येत नाही, आणि त्या शांत वेळात बघणाऱ्याला सगळीच खाडी वाट वाटते. मोबाइलवर फोटो काढा आणि खाली होडीवाल्यांना दाखवा.

एक अडचण: वादळानंतर आठवडाभर पाणी लाल गढूळ असतं, त्यामुळे रंगावरून खोली ओळखता येत नाही. फेसावरच विसंबा.

मग मोजणी. पहिली फेरी फक्त मोजणीची. माणसं, माल, जाळी काही नाही. भरती अर्धी चढल्यावर निघा, म्हणजे टेकलंच तर चढतं पाणी उचलेल. बारा-पंधरा फुटांचा सरळ बांबू घ्या आणि फुटाफुटावर लाल रंगाचा पट्टा मारा. एकाने नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) बसून बांबू पुढे टाकत जायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने इंजिन अगदी हळू ठेवायचं, तिसऱ्याने वेळ आणि आकडा लिहायचा. तीन वाव पाणी असेल तिथे दोरीला शिसं बांधून सोडा. शिशाच्या बुडाला खळगा असेल तर त्यात साबण दाबून बसवा. वर ओढलं की साबणाला रेव चिकटली, चिखल चिकटला की नुसताच ओरखडा आला, यावरून खाली काय आहे ते कळतं. ओरखडा म्हणजे खडप, खाली खडक. तिथे नांगर धरणार नाही आणि बूडही वाचणार नाही.

जेट्टीवर एक पोरगा बसवा आणि पाणी खांबावर किती चढलं ते दर पंधरा मिनिटांनी लिहायला सांगा. त्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही, कारण तुम्ही मोजत असताना पाणी चढतच असतं.

वाट सापडली की दोन्ही बाजूंना बांबू रोवून कापड बांधा. आणि ती वाट स्वतःपुरती ठेवू नका. पलीकडच्या गावालाही सांगा.

५. जीपीएसमध्ये जुना ट्रॅक आहे. त्यावरूनच गेलो तर?

मुखावर आणि वळणांवर जाऊ नका. ट्रॅक खोटा नसतो, पण त्या दिवशी तिथे पाणी होतं एवढंच तो सांगतो. मोबाइलवरच्या नकाशाचंही तसंच. डेहराडूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे चांगले आहेत, पण लहान खाडीचं मुख वादळानंतर लगेच पुन्हा मोजलं जात नाही. मोजणीची फेरी (प्रश्न ४) झाली की तिचा नवा ट्रॅक साठवा आणि जुना पुसा. दोन्ही ठेवले तर घाईत हात जुन्यावर जातो.

६. मुखातून आत-बाहेर करायला बरोबर वेळ कोणती?

भरतीचा शेवटचा तास-दीड तास. तेव्हा दांड्यावर पाणी जास्तीत जास्त असतं, प्रवाह मंद असतो आणि लाटेच्याच दिशेने असतो.

सगळ्यांत वाईट वेळ सुकतीचा मधला भाग. सहा तासांच्या चढउतारात तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं पाणी हलतं. वादळानंतर त्या सुकतीला नदीच्या लोंढ्याचीही जोड मिळते. बाहेर जाणारा हा जोर आणि आत येणारी वादळी लाट समोरासमोर भिडली की लाट आखूड होते, उभी राहते आणि कोसळते. आतून बाहेर जाताना फसवणूक जास्त होते, कारण खाडीच्या बाजूने लाटांच्या पाठी दिसतात आणि त्या साध्या वाटतात. त्यांचं तोंड पलीकडे असतं.

बाहेर गेलात आणि परत येताना मुख फुटताना दिसलं, तर आत शिरायची घाई करू नका. बाहेर खोल पाण्यात थांबा, पुढच्या भरतीची वाट बघा किंवा शेजारचं बंदर गाठा. म्हणून डिझेल आणि पिण्याचं पाणी एका भरतीपुरतं जास्तच घ्यायचं.

७. तिथीवरून भरती काढायची आमची पद्धत वादळानंतर चालते का?

चालते, पण दुरुस्तीसह. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईकडची पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने मिळते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती त्याआधी येते, आणि खाडीत आत जावं तशी उशिरा.

वादळानंतर वेळेपेक्षा उंची जास्त चुकते. हवेचा दाब उतरला की पाणी फुगतं, एक मिलिबारला साधारण एक सेंटिमीटर. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर आणखी चढतं. त्यात नदीचं पाणी आलं की खाडीच्या वरच्या भागात सुकती पूर्ण होतच नाही, आणि भरतीची वेळ झाली तरी प्रवाह बाहेरच वाहताना दिसतो. म्हणून पंचांग आणि छापील तक्ता बघा, पण निर्णय जेट्टीच्या खांबावरच्या खुणेवरून घ्या.

८. पाण्यात वाहून आलेली झाडं दिसतात ती चुकवता येतात. न दिसणाऱ्यांचं काय करायचं?

न दिसणारा म्हणजे बहुतेक वेळा माड. ओला माड पाण्यावर तरंगत नाही, पाण्याच्या पातळीला लोळतो. कधी बुंधा खाली रुतून शेंडा प्रवाहाच्या दिशेने वर येतो आणि लाटेबरोबर खालीवर होत राहतो. दुरून तिथे पाण्याला नुसती सुरकुती दिसते. त्या सुरकुतीकडे लक्ष ठेवायला नाळेवर एक माणूस हवाच, आणि त्याला दुसरं काहीही काम देऊ नका.

वेग चालण्याइतका ठेवा. सूर्य समोर असताना, म्हणजे सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे, फेरी टाळा. भरती-सुकतीच्या सांध्यावर कचरा एका रेषेत जमतो. ती रेषा आडवी कापायची, तिच्यातून लांब चालत राहायचं नाही. तिवरांच्या (खारफुटीच्या) कडेला पत्रे, कुंपणाच्या तारा आणि डोलीचे (प्रवाहात रोवून लावलेल्या जाळ्याचे) मोडलेले खुंट अडकलेले असतात. तिथे होडी लावू नका.

पाण्यातून कचरा काढताना किंवा आठवडाभर उभ्या राहिलेल्या होडीची ताडपत्री उचलताना आधी काठीने हलवा. पुरातून वाचलेली जनावरं, म्हणजे साप, तिथेच बसलेली असतात.

९. इंजिनाच्या पंख्यात जाळं गुंतलं. काय करू?

आधी नांगर टाका. लोक आधी पंख्याकडे धावतात आणि तोवर होडी दांड्यावर जाते. नांगर धरला की इंजिन बंद करून चावी खिशात घाला. आउटबोर्ड असेल तर वर उचला आणि ज्या दिशेने गुंडाळलंय त्याच्या उलट हाताने सोडवा. नायलॉन घट्ट बसून वितळल्यासारखं झालं असेल तर दातेरी सुरीने थोडं थोडं कापा. आतल्या इंजिनाच्या होडीत बुडी मारायची वेळ आली तर वाहत्या पाण्यात मारू नका. पाणी थबकेपर्यंत थांबा, कमरेला दोर बांधा आणि वर एक माणूस ठेवा. काढलेलं जाळं परत पाण्यात टाकू नका, ते दुसऱ्याच्या पंख्यात जाईल.

१०. खाडीवरून विजेच्या तारा गेल्यात, त्या खाली आल्यासारख्या दिसतात. वीज तर गावात कुठेच नाही. खालून जाऊ का?

जाऊ नका. गावात अंधार आहे म्हणजे त्या तारेत वीज नाही असं होत नाही. ती दुसऱ्या फिडरवरची असू शकते, आणि दुरुस्ती चालू असताना वीज कधीही परत येते. निसर्गनंतर काही गावांना कित्येक आठवडे वीज नव्हती आणि ती टप्प्याटप्प्याने आली. त्या काळात कोणती तार कधी जिवंत होईल ते होडीतल्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. तार पाण्यात पडलेली असेल तर आसपास फिरकूही नका. महावितरणला १९१२ वर कळवा आणि दोन्ही काठांच्या लोकांना सांगा. खालून जायला जागा असेल आणि वीज बंद असल्याचं महावितरणच्या माणसाने तोंडाने सांगितलं, तरी डोलकाठी, अँटेना आणि बांबू आडवे करूनच जा.

११. बोया (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) जागेवर आहेत, मग त्यांच्या मधून जायचं ना?

जागेवर दिसतात, आहेत की नाही ते तपासा. नांगर घसटून बोया शंभर-दोनशे मीटर सरकतो आणि तरीही छान सरळ उभा राहतो. आपल्याकडे समुद्रातून आत येताना लाल डावीकडे आणि हिरवा उजवीकडे असतो. पण हा नियम बोया आपल्या जागी असेल तरच कामाचा. किनाऱ्यावरची पक्की खूण धरून पडताळा आणि सरकलेला वाटला तर बंदर कार्यालयाला सांगा. दिवा बंद असेल तर तेही सांगा.

१२. इंजिन खाऱ्या पाण्यात बुडालं होतं. आता कोरडं झालंय, चालू करून बघू?

किक मारू नका, दोरी ओढू नका. आत वाळू असेल तर एका ओढीत सिलिंडर खरवडतो. आउटबोर्ड गोड्या पाण्याने भरपूर धुवा, प्लग काढा, आडवं करून पाणी निथळू द्या आणि हाताने अगदी हळू फिरवा. अडलं तर जोर लावू नका. लोकांना पटत नाही, पण मेकॅनिक त्याच दिवशी मिळत नसेल तर इंजिन उन्हात वाळवण्यापेक्षा गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलेलं बरं, कारण खारं पाणी आणि हवा मिळून गंज झपाट्याने धरतात.

डिझेल इंजिन बुडालं नसलं तरी टाकीत पावसाचं पाणी गेलंय का बघा. पाणी डिझेलच्या खाली बसतं. तळाच्या कॉकमधून बाटलीभर काढा आणि उजेडात धरा. हे जेट्टीवर करा, नाहीतर इंजिन मुखावरच बंद पडेल.

१३. होडीला बाहेरून काहीच लागलेलं दिसत नाही. तरी तपासणी हवी का?

हवी. रात्रभर शेजारच्या नौकेवर आपटलेल्या फायबरला आतून थर सुटतात. नाण्याने टकटक करत जा. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला तर तिथे खूण करा. लाकडी होडीत फळ्यांच्या सांध्यांतला कापूस निघालाय का ते बघा. मग ती काठाला बांधून पाण्यात अर्धा दिवस ठेवा आणि आत किती पाणी येतं ते मोजा. सुकाणाचे बिजागर आणि नांगराचा दोरही बघा. तौक्तेत देवगडला नौका सुटल्या त्या दोर तुटून. एकदा ताणलेला दोर वरून धड दिसतो, पण पीळ उलगडला की आत तंतू तुटलेले सापडतात.

१४. नुकसान झालंय, पंचनामा व्हायचाय. तोवर होडी हलवू की नको?

पंचनाम्याआधी हलवली तर भरपाई अडेल, या भीतीने लोक फुटकी होडी लाटांत तशीच ठेवतात आणि उरलीसुरलीही घालवतात. हलवा, पण आधी फोटो काढा: चारही बाजूंनी, नोंदणी क्रमांक दिसेल असा, आणि मागे गावाची ओळख पटेल असा एक. तलाठ्याला आणि मत्स्य विभागाला फोन करून हलवत असल्याचं सांगा, दोन शेजाऱ्यांना साक्षीला ठेवा. मासेमारी बंदीच्या काळात (१ जून ते ३१ जुलै) बंदी यांत्रिक नौकेने मासे पकडण्यावर असते. होडी सुरक्षित जागी नेताना मात्र परवाना अधिकाऱ्याला आधी कळवा, म्हणजे वाटेत अडवणूक होणार नाही.

१५. रस्ते झाडांनी बंद आहेत. रात्री रुग्णाला पलीकडे न्यायचंय. तेव्हाही सुकतीची वाट बघायची?

हा अपवाद आहे, आणि तो फक्त खाडी ओलांडण्यापुरता. १०८ ला फोन करून गाडी पलीकडच्या जेट्टीवर बोलवा. होडीत तीनच माणसं: रुग्ण, एक वल्ह्यावर, एक नाळेवर बॅटरी घेऊन. सगळ्यांना लाइफ जॅकेट, रुग्णालाही. पाणी अर्ध्याहून वर आणि चढतं असेल तर निघा. जमलं तर इंजिनापेक्षा वल्ही वापरा, कारण पंखा अडकला की होडी वाहत जाते आणि वल्हं अडकत नाही. प्रवाह धरून थोडं वरच्या अंगाने सुटा, म्हणजे तिरकं जाऊन जेट्टीवर लागाल. पलीकडच्यांना दिवा हलवत ठेवायला सांगा.

मुख ओलांडावं लागणार असेल तर उत्तर नाही असंच आहे. तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा सागरी पोलिसांना १०९३ वर फोन करा. वायरलेस असेल तर चॅनेल १६.

१६. चुलत्यांची होडी आहे, दोन दिवस लोकांना पलीकडे सोडतोय. पैसे घ्यावेत का? पर्यटकही विचारतात.

गावकऱ्यांना अडचणीत सोडणं वेगळं आणि प्रवासी वाहतूक वेगळी. पैसे घेतले की महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना, ठरलेली प्रवासी संख्या आणि विमा हे सगळं लागू होतं. धोपावे-दाभोळ, जयगड-तवसाळ, बागमांडला-वेसवी, दिघी-आगरदांडा इथे फेरीबोटी आहेत. त्या सुरू झाल्या का, ते आधी विचारा. त्या बंद असतील तर त्यामागे कारण असेल आणि ते तुमच्या होडीलाही लागू आहे. पर्यटकांना नाहीच म्हणा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सेवासुद्धा २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असते. मे-जूनचं वादळ नेमकं याच सुमाराला येतं.

१७. खाडीत कोणाची तरी होडी वाहून आलीय. पिंपंही आलीत. काय करायचं?

होडीचा क्रमांक वाचा आणि सागरी पोलिसांना सांगा. तिला बांधून ठेवा, पण इंजिन-जाळी काढून घेऊ नका. मालक दोन गावं पलीकडे रडत बसलेला असतो. पिंप, बंद डबा, नळकांडी यांना हात लावू नका, आत काय आहे ते बाहेरून कळत नाही.

कधी मृतदेहही येतो. तौक्तेत समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या कामगारांची पी-३०५ बार्ज बुडाल्यानंतर रायगडच्या किनाऱ्यावर मृतदेह लागले होते. जागा आणि वेळ नोंदवा, वाहून जाणार नाही एवढं बघा आणि पोलिसांना बोलवा. लहान पोरांना तिथून दूर ठेवा. फोटो कोणालाही पाठवू नका.

१८. होडी वाळूवर टेकली. आता?

पुढे जोर देऊ नका, पंखा वाळू ओढून तुम्हाला आणखी रुतवतो. माणसं मागे घ्या, ज्या बाजूने आलात त्याच बाजूने मागे सरा. पाणी उतरत असेल तर पाच मिनिटांत ठरवा: निघत असेल तर निघा, नसेल तर नांगर खोल पाण्याच्या दिशेने नेऊन टाका. नाळ लाटेकडे राहिली पाहिजे. होडी आडवी राहिली तर परतणारी भरती तिला उचलण्याआधी भरून टाकते. लाटा अंगावर येत असतील तर जॅकेट घालून लगेच मदत मागा (क्रमांक प्रश्न १५ मध्ये).

१९. वादळाने आमची होडी माडांच्या बागेत नेऊन ठेवलीय. भरतीला परत तरंगेल ना?

साध्या भरतीला नाही. ती वादळाच्या फुगलेल्या पाण्याने गेलीय. तेवढं पाणी उधाणाच्या भरतीलाही बहुतेक येत नाही. पुढच्या अमावस्या-पौर्णिमेच्या भरतीला पाणी कुठवर येतं, तिथे खुंटी मारा. तिथपर्यंत होडी जमिनीवरूनच न्यावी लागेल: खाली माडाचे ओंडके, वर दोर, आणि पंचवीस-तीस माणसं. भांगाच्या (भरती कमी चढते त्या) दिवसांत ओढायला घेऊ नका, अर्ध्या वाटेत रुतून बसते. आणि पाण्यात उतरवायचा दिवस पूर्ण उधाणाच्या आधी एक-दोन दिवस धरा. पूर्ण उधाणाला उतरवली आणि जेमतेम टेकली, तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा खाली राहते आणि होडी पंधरा दिवस तिथेच अडकते. ओढण्याआधी बुडाखालच्या मोडक्या फांद्या आणि पत्रे काढा, बुडाला कुठे भोक पडलंय ते बघा. ओढताना दोराच्या रेषेत कोणीही उभं राहू नये. दोर तुटला तर झटका त्याच रेषेत येतो.